आधी ताट, मग सुई

कंट्रोलरबाई चाकाच्या खुर्चीत बसत नसत. वृद्धाश्रमात आल्या त्या दिवशी मावशींनी दारातच खुर्ची पुढे केली, तर त्यांनी तिच्यात आपली पिशवी ठेवली आणि स्वतः काठी टेकत मागून चालत गेल्या. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, साखरेचं दुखणं पंचवीस वर्षांचं, त्यातली अकरा वर्षं सुईवर. तरी खुर्ची नाही म्हणजे नाही. "तेवीस वर्षं मी गाड्या सोडल्या," त्या म्हणाल्या, "आता मला कुणी ढकलत न्यायचं काम नाही." मावशींनी पिशवी ढकलत नेली.

नाव बस डेपोतलं. नवरा तिथं ड्रायव्हर होता. तो तीन दिवसांच्या तापात गेला तेव्हा बाईंच्या पदरात चार वर्षांची मुलगी आणि हातात शाळेचा दाखला, एवढंच होतं. डेपोनं कारकून म्हणून घेतलं. आठ वर्षं त्यांनी रजेचे अर्ज फायलीला लावले. मग एक दिवस कंट्रोलर आजारी पडला आणि साहेबांनी, दुसरं कुणी सापडेना म्हणून, यांना फाटकाजवळच्या केबिनमध्ये बसवलं. कोणती गाडी, कोणता ड्रायव्हर, कोणता कंडक्टर, किती वाजता बाहेर, हे सगळं त्या केबिनमधून ठरायचं. पहिल्याच सकाळी एका जुन्या ड्रायव्हरनं बाईंची गंमत करायची म्हणून कंडक्टर चढायच्या आत गाडी फाटकाशी आणली आणि हॉर्नवर हात दाबून बसला. बाई केबिनमधून उतरल्या आणि गाडीच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या. "कंडक्टर आत नाही, तर गाडी बाहेर नाही," एवढंच बोलल्या. सात मिनिटं हॉर्न वाजत होता. मग कंडक्टर धावत आला, चढला, आणि फाटक उघडलं. त्यानंतर तेवीस वर्षं त्या केबिनमधून त्यांना कुणी हलवलं नाही.

वृद्धाश्रमही त्यांनी स्वतःच निवडला. "तुझ्या घराला जिने आहेत," त्यांनी लेकीला सांगितलं, "आणि जावईबापूंचे विनोद मला रोज झेपायचे नाहीत." लेक रडता रडता हसली. दर रविवारी ती दोन तास बसनं येते, आणि बस उशिरा आली तर कंट्रोलरबाई तिला उशिराचं कारण विचारतात, जणू गाडी तीच चालवत होती.

आश्रमाचा तळमजला म्हणजे एक लांबच लांब कॉरिडॉर. या टोकाला स्वयंपाकघर, त्या टोकाला सिस्टरची खोली आणि तिच्यात औषधांचं कुलूपबंद कपाट. मध्ये चौदा खोल्या, दोन दोन खाटांच्या. एक नंबर स्वयंपाकघराला लागून, चौदा नंबर कपाटाला लागून. वर आणखी एक मजला होता, पण त्याचं नाव कुणी मोठ्यानं घेत नसे. तिथलं दार आकडे दाबल्याशिवाय उघडत नसे. ज्यांना भान राहत नाही, जे ओरडतात, मारायला उठतात, त्यांना वर नेत. वर गेलेलं माणूस परत खाली आलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

पहिलं वर्ष बाईंनी तीन नंबरमध्ये सुखात काढलं. मग तिथल्या भिंतीतला पाइप फुटला आणि त्यांची खाट चौदा नंबरमध्ये गेली. तिथं ड्रॉइंगबाई होत्या.

ड्रॉइंगबाईंनी अडतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली होती. वय ब्याऐंशी, त्याही सुईवर, काडीसारख्या बारीक, आवाज इतका हळू की ऐकायला वाकावं लागे. उशीशी पेन्सिल ठेवून झोपत. दुपारी खिडकीशी बसून माणसांचे हात काढत. तोंडं नाही, फक्त हात. "तोंड खोटं बोलतं गं," त्या म्हणत. पहिल्या आठवड्यात दोघी एकमेकींना अहो-जाहो करत होत्या, दुसऱ्या आठवड्यात अगं-तुगंवर आल्या. म्हातारपणी नवी मैत्रीण मिळणं ही चैनच म्हणायची, आणि कंट्रोलरबाईंना ती अगदी अनपेक्षित मिळाली.

पण ही झाली दुपारची ड्रॉइंगबाई. सकाळची वेगळीच होती. पहिल्याच सकाळी, साडेसातच्या सुमाराला, ती माऊली खाटेवर उठून बसली. अंगातला गाऊन घामानं चिंब. चादर बदलायला आलेल्या मावशींना म्हणाली, "चोरटे, माझे रंग कुठं लपवलेस?" आणि हातातला ग्लास त्यांच्या दिशेनं भिरकावला. मावशींनी सवयीनं डोकं वाकवलं.

"यांचं सकाळी हे असंच," मावशी म्हणाल्या. "डोकं फिरतं. वयच झालं ना."

पावणेआठला ट्रॉली आली. दूध, पाव, अंडं पोटात गेलं, आणि साडेआठला ड्रॉइंगबाई शांतपणे विचारत होत्या, "इथं पाणी कुणी सांडलं?"

चौथ्या दिवशी सकाळी कंट्रोलरबाईंचेच हात कापायला लागले. छाती धडधडली, कपाळावर घाम फुटला, डोळ्यांपुढे बारीक ठिपके नाचले. त्यांनी ते लगेच ओळखलं. साखर उतरली होती. अकरा वर्षांत हे दोनदाच झालं होतं, आणि दोन्ही वेळा सुई घेऊन जेवायला उशीर झाला होता. त्यांनी पर्समधल्या दोन गोड गोळ्या चघळल्या, थोड्या वेळानं सावरल्या, आणि डेपोतल्या बाईसारखा विचार करायला लागल्या. माणूस तेच, सुई तीच, नाश्ता तोच. बदललं काय? तर खोली.

निवृत्तीच्या दिवशी डेपोनं दिलेलं घड्याळ त्यांच्या मनगटावर होतंच. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर वेळा लिहायला सुरुवात केली, आणि तीन दिवसांत सगळा प्रकार उघडा पडला. रात्रपाळीची सिस्टर सहा वाजून दहा मिनिटांनी कपाट उघडायची आणि सुया द्यायला चौदा नंबरपासून निघायची. एक नंबरला पोचेपर्यंत सहा पन्नास. नाश्त्याची ट्रॉली सात वाजता स्वयंपाकघरातून निघायची, म्हणजे एक नंबरपासून. चौदा नंबरला पोचेपर्यंत सात पंचेचाळीस. एक नंबरच्या माणसाला सुई आणि नाश्ता यांत दहा मिनिटं. चौदा नंबरच्या माणसाला दीड तासावर पाच मिनिटं. दोन गाड्या दोन टोकांनी सोडल्या होत्या, दोन्ही अगदी वेळेवर, आणि वर्षानुवर्षं कुणाला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. दिसणार कसं? सुया देणारी सातला घरी जायची, ट्रॉली आणणारा सातला यायचा. दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलं नव्हतं.

इथं कंट्रोलरबाईंचं चुकलं. त्यांनी त्याच दिवशी बोंब मारायला हवी होती. पण तक्रार करणाऱ्या म्हातारीचं आश्रमात काय होतं हे त्यांना ठाऊक होतं, आणि ड्रॉइंगबाई तर आधीच सगळ्यांच्या डोळ्यांत खुपत होत्या. तेव्हा गुपचूप निभावून न्यावं, असं त्यांनी ठरवलं. भेटायला येणाऱ्या लोकांसाठी पुढच्या हॉलमध्ये चहाचं टेबल असे, त्यावर साखरेच्या पुड्या. बाई रोज येता जाता चार-पाच पुड्या उचलायच्या. सव्वासातला ड्रॉइंगबाईंचं कपाळ ओलं झालं की पाण्यात साखर ढवळून दोन घोट त्यांना, दोन घोट स्वतःला. आठवडाभर चौदा नंबरमध्ये सकाळी ग्लास उडाला नाही.

आठव्या दिवशी मावशींनी गाद्या उन्हात टाकल्या आणि खालून एकोणीस पुड्या निघाल्या.

व्यवस्थापक साहेब स्वतः आले. सज्जन माणूस होता, पण नियमाच्या बाहेर पाऊल टाकायला घाबरणारा. टक्कल रुमालानं पुसत म्हणाला, "मधुमेहाच्या पेशंटच्या गादीखाली साखर! अहो, कुणी ऐकलं तर काय म्हणेल?" पुड्या त्यानं पाकिटात भरून आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवल्या. त्या आठवड्यात नेमके पंधरवड्याचे डॉक्टर आले. दुपारच्या तपासणीत दोघींची साखर चढलेली, शिवाय पुड्यांची हकिगत कानावर. कंट्रोलरबाई काही सांगणार एवढ्यात डॉक्टर पुढच्या खोलीत गेले होते. कागदावर दोघींच्या सकाळच्या सुईत चार युनिट वाढले.

म्हणजे बाईंनी लपूनछपून केलेल्या उपायानं मैत्रिणीचं विषच वाढवलं. हे लक्षात आलं तेव्हा त्यांना स्वतःची इतकी चीड आली की जेवण गेलं नाही. फाटकावर कधी लपून काम केलं नव्हतं, मग इथं का केलं? त्या रडल्या नाहीत. कॅलेंडरचा कागद घेऊन व्यवस्थापकाच्या खोलीत गेल्या आणि टेबलावर पसरला.

त्यानं कागद वरपासून खालपर्यंत पाहिला, उलटा करून कॅलेंडरवरचं फुलांचं चित्रही पाहिलं. "आजी, हे काय बस डेपो आहे का?"

"डेपो असता तर तुम्हाला पहिल्याच दिवशी मेमो मिळाला असता."

"सुया नाश्त्यापूर्वी द्यायच्या, असं डॉक्टरांनी लिहिलंय. आम्ही नाश्त्यापूर्वीच देतो."

"दीड तास आधी? मग आदल्या दिवशीच देऊन टाका की, म्हणजे सकाळची धावपळ नको."

"तपासणीत साखर कधी उतरलेली नाही त्यांची," साहेब फाईल पुढे करत म्हणाला. आणि खरंच नव्हती. बोट टोचायच्या वेळा दोनच, सकाळी सहा आणि दुपारी बारा. साडेसातला काय होतं हे कागदाला कधी कुणी विचारलंच नव्हतं. "साडेसातला टोचून बघा," बाई म्हणाल्या. "ती वेळ तक्त्यात नाही," साहेब म्हणाला, आणि त्यानं कागद घडी करून परत दिला.

दुसऱ्या दिवशी सहा दहाला सिस्टर चौदा नंबरमध्ये आली. "आजी, दंड पुढे करा."

"ताट कुठंय?"

"कसलं ताट?"

"नाश्त्याचं. आधी ताट, मग सुई. ताट डोळ्यांनी दिसलं की दंड देते."

सिस्टरनं आधी समजावलं, मग विनवलं, मग रडकुंडीला आली. "अहो, सातला मला चार्ज द्यायचा असतो. खालचे अकरा जण सुईचे आणि मी एकटी. सुया राहिल्या तर सकाळची सिस्टर चार्ज घेत नाही. माझी मुलगी साडेसातला शाळेच्या गाडीत बसते. तिची वेणी कोण घालणार?"

हे ऐकून कंट्रोलरबाईंना आपले पहाटेचे दिवस आठवले. त्यांनी स्वतः पहाटेच्या ड्युटीला मुलीला केबिनमध्ये आणून तिथंच तिच्या वेण्या घातल्या होत्या, एका हातानं कंगवा आणि दुसऱ्यानं फोन धरून. या पोरीवर त्यांना रागावता येईना. "तुझं भांडण माझ्याशी नाही गं," त्या म्हणाल्या. "पण दंड नाही देणार. लिही तुझ्या कागदावर, नकार दिला म्हणून." सिस्टरनं लिहिलं. मग ती ड्रॉइंगबाईंकडे वळली.

"तिलाही थांब."

"त्यांना कसं थांबू? त्या नको म्हणत नाहीत. आणि त्यांच्या पुतण्यानं सगळ्यावर सही दिलीय." ड्रॉइंगबाई अर्धवट झोपेत होत्या. कुणी दंड मागितला की द्यायचा, एवढंच त्यांना माहीत. सुई गेली. वाढीव चार युनिटांसकट.

चार दिवस असे गेले. कंट्रोलरबाईंना सकाळची सिस्टर पावणेआठला, ताट समोर आल्यावर, कुरकुरत सुई देई, आणि त्यांचे हात पुन्हा कधी कापले नाहीत. कागदावर मात्र चार नकार जमले. त्यावरून लेकीला फोन गेला.

"आई, अगं तू तिथं काय चालवलंयस? ते म्हणतात तू औषध नाकारतेस. त्यांना तुला दुसरीकडे हलवावं लागेल म्हणे."

"औषध नाकारत नाही. वेळ नाकारते."

"त्यांना कळत नाही का? डॉक्टर आहेत ते."

"तुझे बाबा गाडी उत्तम चालवायचे," बाई म्हणाल्या, "तरी फाटक मीच उघडायचे."

बाबा गेले तेव्हा तू फाटकावर नव्हतीसच, हे लेकीच्या तोंडावर आलं होतं. पण आईचा हा आवाज तिला लहानपणापासून ठाऊक होता. तिनं फोन ठेवला.

ड्रॉइंगबाईंची सकाळ दिवसेंदिवस वाईट होत गेली. बुधवारी साहेब फेरीला आला असताना त्या माऊलीनं त्याच्याकडे बोट दाखवून भर कॉरिडॉरला ऐकू जाईल असं विचारलं, "हा टकल्या माझ्या वर्गात कुणी सोडला?" कंट्रोलरबाईंना हसू आवरेना. पण हसू लवकरच मावळलं, कारण संध्याकाळी पुतण्याची सही आली. गुरुवारी सकाळी ड्रॉइंगबाईंना वर हलवणार होते.

त्या रात्री कंट्रोलरबाईंनी मैत्रिणीच्या पेन्सिलींना टोकं करून दिली, सगळ्या सात. वर टोकदार वस्तू ठेवू देत नाहीत हे दोघींनाही माहीत होतं.

गुरुवारी सहा दहाला सुई झाली. सात वीसला साहेब आला, हातात फाईल. मागे दोन मावशी आणि चाकाची खुर्ची. सिस्टरही होती, कारण वर जाणाऱ्या माणसाचे कागद तिला समजावून द्यायचे होते. तिची नजर सारखी घड्याळाकडे जात होती. आज वेणी हुकणार होती.

"नाश्ता?" कंट्रोलरबाईंनी विचारलं.

"त्यांना आता वरच मिळेल."

"वर ट्रॉली कितीला पोचते?"

साहेबानं मावशींकडे पाहिलं. मावशी म्हणाल्या, "खालचं उरकलं की. सव्वाआठ, कधी साडेआठ."

कंट्रोलरबाईंनी ड्रॉइंगबाईंकडे पाहिलं. आज ग्लास उडाला नव्हता, शिवी आली नव्हती. त्या खाटेच्या कडेला बसल्या होत्या, घामानं निथळत, डोळे उघडे पण कशावरच नाहीत. ओठ काहीतरी पुटपुटत होते आणि शब्द एकमेकांत घसरत होते. ओरडणारी ड्रॉइंगबाई परवडली, ही नको, असं कंट्रोलरबाईंच्या मनात आलं, आणि त्यांना आयुष्यात वाटली नव्हती एवढी भीती वाटली.

मावशींनी खुर्ची खाटेशी लावली. कंट्रोलरबाईंनी काठी भिंतीला टेकवली, दोन पावलं टाकली आणि खुर्चीत बसल्या. आश्रमात आल्यापासून पहिल्यांदा. बसल्या त्या नीट, पाठ टेकून, आणि दोन्ही चाकांचे ब्रेक खाटकन ओढले.

"आजी, हे काय? उठा."

"नाही."

"अहो, तुम्हाला नाही न्यायचं. त्यांना न्यायचंय."

"माहितीये. तिचं बोट टोचा. आकडा बघा. आकडा चांगला निघाला तर मी उठते, आणि तुम्ही दोघींनाही वर न्या, मी एक शब्द बोलणार नाही."

"आत्ता तपासणीची वेळ नाही."

"मग गाडी हलायचीही वेळ नाही."

साहेबानं मावशींना खूण केली. एकीनं खुर्चीच्या मुठीला हात घातला. कंट्रोलरबाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. "घाल हात. अठ्ठ्याहत्तर वर्षांची हाडं आहेत, मोडली तर त्यांना फाईलमध्ये कारण लिहावं लागेल." मावशींनी हात काढून घेतला. साहेब पुन्हा रुमाल शोधायला लागला. तेवढ्यात सिस्टर पुढे झाली. ती इतका वेळ ड्रॉइंगबाईंच्या चेहऱ्याकडे पाहत होती. रोज सात वाजता घरी जाणाऱ्या त्या मुलीनं साडेसातची ड्रॉइंगबाई आज पहिल्यांदा पाहिली होती.

"थांबा जरा," ती म्हणाली, आणि खिशातून मशीन काढलं.

"सिस्टर, तक्त्यात नाही ते—"

"नसू दे."

तिनं बोट टोचलं. पट्टी मशीनमध्ये घातली. मग तिनं आकडा वाचला, आणि तिचा स्वतःचाच चेहरा पांढरा पडला. "एक्केचाळीस." साहेबाला आकड्यातलं फारसं कळत नसावं, पण सिस्टरचा आवाज कळला. "साखर आणा कुणीतरी! लवकर! स्वयंपाकघरात धावा!"

स्वयंपाकघर चौदा खोल्या लांब होतं.

कंट्रोलरबाईंनी उशाकडचं चष्म्याचं घर मागितलं, उघडलं, आणि चष्म्याखालून चार पुड्या काढल्या. "गादी तपासलीत," त्या साहेबाकडे न बघता म्हणाल्या, "हे नाही तपासलंत." सिस्टरनं ड्रॉइंगबाईंना ताठ बसवलं, गिळता येतंय ना ते आधी पाहिलं, आणि साखरेचं पाणी घोटाघोटानं पाजलं. कंट्रोलरबाई खुर्चीतूनच त्यांचा हात धरून होत्या. तो थंडगार, ओला हात होता, पेन्सिलीच्या काळ्या डागांचा. कंट्रोलरबाईंना आता रडू येत होतं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

पंधरा मिनिटांनी सिस्टरनं पुन्हा टोचलं. अठ्ठ्याहत्तर. ड्रॉइंगबाईंनी डोळे मिचकावले, खोलीत जमलेली सगळी माणसं एकेक करून पाहिली, आणि नेहमीच्या हळू आवाजात विचारलं, "अगं, तू त्या खुर्चीत काय करतेस?"

"बसलेय. पाय दुखले जरा."

सिस्टरनं त्याच खोलीतून डॉक्टरांना फोन लावला आणि आकडा सांगितला. दुपारी डॉक्टर वार नसताना आले आणि या वेळी चौदा नंबरमध्ये खाली बसले. कॅलेंडरचा कागद त्यांनी दोनदा वाचला. वाढवलेले चार युनिट काढलेच, वर आणखी सहा कमी केले. "यांच्या वयाला साखर थोडी वर राहिली तर चालेल, खाली गेलेली चालणार नाही," त्यांनी फाईलमध्ये लिहिलं, आणि खाली ओळ ओढून, "सुई ताट समोर आल्यावरच." मग कंट्रोलरबाईंकडे वळून म्हणाले, "मी त्या दिवशी ऐकून घ्यायला हवं होतं." बाई म्हणाल्या, "हो, हवं होतं." कुणी माफी मागितली की 'असू दे' म्हणायची त्यांना सवय नव्हती.

सोमवारपासून सुयांचा ट्रे नाश्त्याच्या ट्रॉलीमागून निघायला लागला, एकाच टोकाकडून, सकाळच्या सिस्टरच्या हातात. देणाऱ्यानं दिल्या दिल्या सही करायची, म्हणजे एक सुई दोनदा जायला नको. रात्रीची सिस्टर सातला मोकळी होऊ लागली. साहेबाला हे सगळं पटलं असं नाही; बारा ते चौदा नंबरमधली सकाळची भांडणं थांबली, तेव्हा तो म्हणाला की हवामान बदललंय. एकोणीस पुड्यांचं पाकीट त्याच्या ड्रॉवरमधून सिस्टरच्या कपाटात गेलं, त्यावर 'तातडीसाठी' अशी चिठ्ठी लावून.

कंट्रोलरबाईंच्या फाईलमधला शेरा मात्र त्यानं काढला नाही: 'सहकार्य करत नाहीत.' बाईंनी फाईल मागून घेतली, चष्मा लावून वाचली, आणि शेऱ्याखाली लिहिलं, 'बरोबर आहे.' सही केली आणि डेपोच्या सवयीनं वेळही टाकली.

ड्रॉइंगबाईंनी त्या आठवड्यात एक चित्र काढलं. चाकाच्या खुर्चीचा ब्रेक आणि त्यावर घट्ट आवळलेला एक म्हातारा हात, शिरा सुटलेला. "नखं जरा कापत जा," एवढंच म्हणून त्यांनी ते कंट्रोलरबाईंना दिलं. कंट्रोलरबाईंनी ते खाटेच्या डोक्याशी चिकटवलं, पण त्याच्याकडे बघताना त्यांना चैन पडेना. मावशींचं एक वाक्य डोक्यातून जात नव्हतं. खालचं उरकलं की. सव्वाआठ, कधी साडेआठ.

पुढच्या गुरुवारी सकाळी सातला सिस्टर पर्स खांद्याला लावून निघाली, तर लिफ्टशी कंट्रोलरबाई काठी टेकून उभ्या. काखेत कॅलेंडरचा कोरा कागद.

"कुठं आजी?"

"वर. तिथं सुया कोण देतं?"

सिस्टर थबकली. "आम्हीच. साडेपाचला." हे बोलता बोलताच तिच्या मनात हिशेब झाला असावा, कारण तिचा हात आपोआप तोंडावर गेला. "वर किती जण सुईवर आहेत?" बाईंनी विचारलं.

"सोळा."

"आणि सकाळी ओरडतात किती?"

सिस्टरनं मनगटावरचं घड्याळ पाहिलं, मग फोन काढून घरी कुणाला तरी सांगितलं की आज वेणी तुम्हीच घाला. दोघी लिफ्टनं वर गेल्या. दारापाशी सिस्टरनं आकडे दाबले, बाईंना दिसतील असे, हात आडवा न धरता, सावकाश, एकेक करून.

दार उघडलं. कॉरिडॉरच्या पार टोकाकडून कुणीतरी म्हातारा जिवाच्या आकांतानं आईला हाका मारत होता. "यांचं सकाळी हे असंच," तिथल्या मावशी म्हणाल्या. कंट्रोलरबाईंनी चष्मा लावला, घड्याळ पाहिलं, आणि कागदावर पहिली ओळ लिहिली: सात वाजून नऊ मिनिटं, ट्रॉली नाही.